बटणच्या झग्याची दुमड

शिंपीमास्तरांनी शिवलेली कॉलर गळ्याभोवती अशी ऐटीत उभी राहायची, की वाकून चालणारा माणूससुद्धा मान ताठ करी. ही करामत खळीची. गव्हाचं पीठ पातळ कालवून मंद आचेवर शिजवायचं, काचेसारखं झालं की उतरवायचं. वडिलांनी हाताला धरून शिकवलेलं. हातशिलाईचा दोराही मास्तर त्या खळीतून ओढून वाळवत आणि पुन्हा रिळाला गुंडाळत, म्हणजे तो ताठ राहतो, गुंतत नाही.

मुलांच्या गणवेशात मात्र त्यांचा जीव दुसरीकडे असे. झग्याच्या खालच्या काठाला ते चार बोटं कापड आत दुमडून ठेवत. शाळा सुरू व्हायच्या आधी आया रांग लावत, "मास्तर, उसवा हो, पोरगी ताडासारखी वाढलीय!" आणि मास्तर हसत हसत दुमड सोडून देत. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

एकाच झग्याची दुमड तीन वर्षं तशीच होती. त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या. ती एवढीशी, गोल डोळ्यांची. शाळेत सगळे तिला बटण म्हणत. झगा विटला, पण आखूड काही होईना. मास्तर तो इस्त्री करताना दुमडीवरून बोट फिरवत.

आधी दोष निघाला गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा. अंगातले राखणदारच आपल्या ग्रंथीवर उलटले होते. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी सुरू झाली. मात्रा वाढवली, तरी गोळी लागू पडेना. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. मग डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, तोंडातून नळी घालून आतड्याचा कणभर तुकडा काढून पाहिला.

"याला सीलिॲक म्हणतात," त्या म्हणाल्या. "गव्हातला चिकट अंश पोटात गेला की हिचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर धावून जातं. आतून सगळं सोलवटलंय. मग अन्न काय नि गोळी काय, अंगी लागणार कशी? ज्या मुलांच्या ग्रंथीचं असं बिनसतं, त्यांच्यात कधी कधी हेही सापडतं. गहू बंद, जव बंद. कायमचं. चिमूटभरही नको."

मास्तरीणबाईंनी पदर खोचला. पिठाचा डबा गेला, लाटणं गेलं, तवासुद्धा नवा आला. वर्ष सरलं. रक्ताचा अहवाल मात्र जिथल्या तिथे.

"कुठून तरी गहू पोटात जातोय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"माझ्या स्वयंपाकघरातून?" मास्तरीणबाईंचा चेहरा लाल झाला. "अहो बाई, आमच्याकडून उंदीरसुद्धा उपाशी जातो हल्ली!"

"ताटाबद्दल नाही म्हणत मी. दिवसभरात तिच्या तोंडाशी काय काय जातं, ते बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मास्तर कापायला बसले, पण लक्ष कात्रीत नव्हतं. बटण नेहमीसारखी स्टुलावर बसून सुया ओवत होती. मास्तरांची नजर अधू झाल्यापासून ते काम तिचंच. रिळावरचा दोरा तिने ओढला, टोक ओठांत धरलं, जिभेने ओलं करून टोकदार केलं आणि सुईच्या नेढ्यातून घातलं. लगेच दुसरा दोरा. पुन्हा ओठांत.

मास्तरांच्या हातातली कात्री गळून पडली.

"थुंक! थुंक आधी!"

त्यांचा एवढा चढा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. "काय झालं बाबा? दोराच आहे."

"दोरा नाही गं बाई तो. गहू आहे."

आतून मास्तरीणबाई धावत आल्या. त्यांनी रिळाकडे पाहिलं, खळीच्या वाडग्याकडे पाहिलं. ओरडतील असं मास्तरांना वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझी सगळी भांडी बदलली. तुमचं एक वाडगं राहिलं."

वडिलांचं वाडगं होतं ते. मास्तरांनी ते स्वतः उचलून बाहेर नेऊन टाकलं. रिळं गेली, फळी घासून निघाली, मशीनच्या फटीफटींतून ओला फडका फिरला. मग त्यांनी तांदळाची खळ करून पाहिली. कधी गाठी होत, कधी नुसतं पाणी. कॉलरी माना टाकू लागल्या.

"मास्तर, तुमची कॉलर बसली की!" टपालवाल्याने टोमणा मारला.

"बसू दे. घरात कुणाला तरी उभं राहायचंय."

पुढच्या तपासणीत आकडे उतरले. डॉक्टरबाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि नुसत्या हसल्या. त्यानंतरच्या खेपेला आणखी उतरले. तीच थायरॉईडची गोळी आता कामाला लागली. बटण दोनदा वाढून मागू लागली, जिने धावत चढू लागली, आईशी भांडू लागली. भांडण ऐकून मास्तर मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणत. तांदळाची खळही एव्हाना हाताला वळली होती.

शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात दुकानापुढे रांग लागली. रांगेच्या शेवटी बटण उभी होती, अंगात तोच झगा, गुडघे उघडे पडलेले.

"मास्तर, माझाही उसवा. आणि उद्याच हवाय हं, सबब चालणार नाही."

सगळ्या आया हसल्या. तिला घरातला झगा घालायला आत पाठवून मास्तरांनी गणवेश मांडीवर घेतला. तीन वर्षांचा जुना दोरा पातं लागताच तटतट तुटला. आतलं कापड बाहेर आलं. विटलेल्या झग्याखाली गडद निळा पट्टा, नवा कोरा.

"अहो, घडीची रेघ दिसतेय. इस्त्री फिरवा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"राहू दे. दिसू दे सगळ्यांना."

बटणने झगा चढवला. तो बरोबर गुडघ्याखाली आला. रांगेतली एक बाई म्हणाली, "आता हिला बटण कसं म्हणायचं?"

"म्हणा की," बटण म्हणाली, "फक्त जरा वर बघून म्हणा!"