कुमुदिनीबाईंची दुसरी सासू

अंबरनाथच्या पूर्वेला राहणाऱ्या कुमुदिनीबाईंच्या डाव्या स्तनात गाठ होती. १९५३च्या त्या उन्हाळ्यात घरात हा शब्द कुणी तोंडातून काढत नव्हतं. त्यांचे यजमान विष्णुपंत त्या गाठीला ‘सदर तक्रार’ म्हणत. ते एका कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. पण तीन ठिकाणी चौकशी करून तक्ता मांडल्याशिवाय त्यांनी उभ्या जन्मात साधा खिळा विकत घेतला नव्हता.

परळच्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “स्तन काढावा लागेल. मग काही आठवडे किरणांचा शेक. पंधरा दिवसांत या.”

“काढला की बरं वाटेल ना?” विष्णुपंतांनी विचारलं.

“तसं लिहून देत नाही. नाही काढला तर काय होईल, ते मात्र लिहून देतो.”

विष्णुपंतांनी तेही लिहून मागितलं. घरी येऊन लांब कागदावर रेघा मारल्या आणि पहिल्या रकान्यात ‘परळ’ लिहिलं. दोन रकाने कोरे राहिले.

दुसऱ्या रकान्यासाठी दोघं बदलापूरच्या वैद्यांकडे गेली. वैद्य सोवळ्यातले, परस्त्रीला हात लावायचे नाहीत. तक्रार कुठे आहे, हे विष्णुपंतांनी स्वतःच्या छातीवर दाखवलं. लेप कसा लावायचा, हे वैद्यांनी त्याच छातीवर दाखवलं. तिसरा रकाना उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सिंधी डॉक्टरांचा. त्यांच्याकडे विजेची पेटी होती. “डरो मत साईं, पहले आप देखो,” म्हणत त्यांनी पेटीच्या दोन तारा विष्णुपंतांनाच चिकटवल्या. विष्णुपंत जागच्या जागी टुणकन उडाले.

आठवडाभर हा क्रम चालला. एक दिवस लेप, एक दिवस वीज, दोन्ही विष्णुपंतांना. रविवारी ते लेपातल्या हिंगाच्या वासासकट पाटावर बसले आणि म्हणाले, “खरं सांगू? मला बराच फरक वाटतोय.” आणि तक्त्यात ‘गुण : समाधानकारक’ अशी नोंद झाली.

कुमुदिनीबाईंना हसूही आलं आणि रागही आला. सुपारीएवढी गाठ आता आवळ्याएवढी झाली होती. त्यांना मरणाची भीती वाटत होती आणि कापून घेण्याचीही. यातली कुठली मोठी, ते ठरत नव्हतं. नवऱ्याच्या तक्त्यात भीतीला रकानाच नव्हता.

मोतीबाई ही नदीकाठच्या गावातली आगरी म्हातारी. एक दिवसाआड दारावर भाजी आणायची. तिची पाटी उतरवताना कुमुदिनीबाईंनी डावा हात पुढे केला नाही. म्हातारी बघतच राहिली.

“थानात गाठ हाय ना गो बाय?” तिने ओट्यावरूनच, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असं विचारलं.

“मोतीबाई, हळू बोल गं!”

“हलू कसाला? माज्या भावजयला झालेली. तिच्यासाटी पंधरा देव केलं. देव रायलं, ती गेली.”

कुमुदिनीबाई दारातच बसल्या आणि रडल्या. इतक्या दिवसांत कुणीतरी त्या जागेचं नाव घेतलं होतं. मनसोक्त रडून झालं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, “पंधरा दिवस उद्या संपतात. माझ्याबरोबर येतेस?”

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत कारखान्यात गेल्यावर, घरी चिठ्ठी ठेवून, दोघी परळला पोचल्या. तिथला कारकून म्हणाला, “घरच्या जबाबदार माणसाची सही लागते. बरोबर कोण आहे?”

“मी. हिची सास,” मोतीबाई म्हणाली.

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. सासू गुडघ्यापर्यंत कासोटा मारलेली, काखेत वालपापडीची पाटी. सून गोरीपान, हातात पोथीची पिशवी.

“तुमचा मुलगा का नाही आला?”

“त्यो तक्ता करतंय.”

कारकुनाने आयुष्यात बरेच मुलगे पाहिले असावेत. त्याने शाईची गादी पुढे सरकवली. कुमुदिनीबाईंनी सही केली आणि तिच्याखाली सासूचा अंगठा उठला.

तिसऱ्या दिवशी विष्णुपंत धापा टाकत आले. वरातीमागून घोडं तसा हातात तक्ता, पूर्ण भरलेला. पहारेकऱ्याने त्यांना अडवलं. पेशंटच्या सासूबाई आत आहेत, त्या हो म्हणाल्या तर सोडतो. विष्णुपंतांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती.

“येऊ द्या त्याला,” आतून आवाज आला. “माजाच हाय, काय करू?”

खाटेवर कुमुदिनीबाई होत्या. छातीची एक बाजू पट्ट्यांखाली सपाट झालेली. विष्णुपंतांनी बघितलं आणि त्यांचा धीर सुटला. “मला भीती वाटत होती गं,” ते म्हणाले. “तक्ता संपला की ठरवावं लागलं असतं.” मोतीबाईने तक्ता घेतला, त्यात वालपापडी बांधली आणि त्यांच्या हातात दिली.

पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी असायची. इस्पितळाच्या कागदावर सासू म्हणून मोतीबाईच होती, म्हणून दर खेपेला तिला न्यावं लागे. पाचव्या वर्षी सासूचं कुणी विचारत नव्हतं, तरी ती यायची.

१९५९च्या चैत्रात तिचा मुलगा बुधाजी निरोप घेऊन आला. म्हातारी झोपेतच गेली होती. कुमुदिनीबाईंनी देवघराला हात लावला नाही. कोपऱ्यात घोंगडी टाकून बसल्या. शेजारणींनी विचारलं, सुतक कुणाचं? “सासू गेली,” त्या म्हणाल्या.

विष्णुपंत बाहेर गेले आणि तासाभराने डोक्यावरचे केस, मिशी सगळं उतरवून आले. टेबलाशी बसून रजेचा अर्ज लिहिला. आई वारल्याची रजा त्यांनी बेचाळीस साली घेतली होती, तसा कागद खात्यात होता. साहेब विचारणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कुमुदिनीबाईंनी लांबूनच अर्ज वाचला. त्यात ‘सदर’ नव्हतं, ‘तथापि’ नव्हतं. नुसतं लिहिलं होतं : आई वारली. दहा दिवस येणार नाही.