पन्नास गाड्यांची भट्टी

बद्रीनाथ जमादाराला राग आला की त्याचं बोलणं बंद व्हायचं. त्या आषाढात तो आठ दिवस कुणाशी बोलला नव्हता.

निजामाच्या राज्यात साहेब आले नि गेले, पण जुन्या जालन्याचा कचरा वीस वर्षं बद्रीनाथच्याच गाड्यांनी वाहिला. कुठल्या गल्लीत कुठल्या महिन्यात काय निघतं, हे त्यालाच ठाऊक. म्हणून कचरा जाळून वाफ करायची आणि वाफेवर पाण्याचा पंप चालवायचा असं ठरलं, तेव्हा आधी त्याला विचारायला हवं होतं. विचारतो कोण? इंजिनियर रामराव माघात आले, नाक्यावर खुर्ची टाकून सात दिवस गाड्या मोजत बसले. रोज पन्नास भरल्या. बद्रीनाथने आपणहून सांगितलं, की यातल्या निम्म्या जिनिंगच्या काडीकचऱ्याच्या आहेत, कापूस सरला की बंद. वैशाखात शेतकरी उकिरडे खताला नेतात आणि पावसाळ्यात उरतो तो चिखल. साहेब, बारा महिने मोजा. रामराव म्हणाले, गाड्या हाकायच्या त्याने गाड्या हाकाव्यात.

भट्टी पन्नास गाड्यांची बांधली. आषाढात गाड्या आल्या अठरा, त्याही ओल्या. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पंप बंद पडला. मग या शहाण्याने काय करावं? कागद केला, की जमादार कचरा चोरून शेतकऱ्यांना देतो. कबुलीचा अंगठा दिला तर नोकरी राहील, नाहीतर घरी बसावं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. गावाची घाण उपसणाऱ्याला चोर म्हणताना त्या माणसाची जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

नवव्या दिवशी सकाळी बद्रीनाथने अठराच्या अठरा गाड्या रामरावांच्या बंगल्यापुढे रित्या केल्या. साहेब नाकाला रुमाल लावून बाहेर आले.

"मोजा," बद्रीनाथ म्हणाला. "अन् ह्यातलं मूठभर पेटवून दाखवा. पेटलं तर आत्ताच अंगठा देतो."

रामराव हट्टी. त्यांनी शिपायाला काड्या ओढायला लावलं. अख्खी पेटी संपली. सालपटांतून नुसता धूर निघाला. बघायला अर्धी गल्ली जमली होती, पण हसायची कुणाची हिंमत झाली नाही.

दुपारी नोकरीवरून काढल्याचा हुकूम आला. बद्रीनाथ घरी गेला तेव्हा त्याच्या बायकोला, साळूबाईला, सगळं कळलेलं होतं. तिने एवढंच विचारलं,

"अंगठा देल्ला का?"

"न्हाई."

"मंग हातपाय धुवा. भाकर वाढते."