धोंड्याचा महिना आणि ओहायोवाला जावई

बडनेरा स्टेशनावर गाडी लागली तेव्हा माझी आई रडली नाही. तिनं खिडकीच्या गजांतून हात घातला, माझ्या नवऱ्याला म्हणाली, "पोरगी तिखट आहे, सांभाळा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भांडाचं असन तं आंधी जेवू घालावं, अन् मंग भांडावं." बाबा फलाटावर चहावाल्याशी उगाचच हुज्जत घालत होते. लग्नाला महिना झाला होता. नवरा नागपूरचा इंजिनिअर, त्याला अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळालेली. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि अमरावतीच्या दवाखान्यात मला नोकरी लागली होती. मला जायचं नव्हतं. जायचंय का, असं कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. गाडी सुटली.

हे मी तिकडं राहिलेल्या माझ्या बहिणींसाठी लिहितेय, आणि माझ्यासारख्याच नवऱ्याच्या मागं इकडं आलेल्या बायांसाठीही. तेव्हा इथं तुरीच्या डाळीसाठी अर्धा दिवस मोडून दुसऱ्या गावाला जावं लागायचं, तेही बर्फ नसेल तर. आता पुण्याहून आलेली आयटीवाली पोरं मला शिकवतात, "काकू, पुरणपोळी फ्रोझन मिळते की, कशाला एवढं करता?" मी म्हणते, फ्रोझन तुमच्या घरी ठेवा बापा. मी परत परीक्षा दिल्या, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटले, दोन पोरं वाढवली, घर घेतलं, बॅकयार्डात मेथी लावली. सगळं केलं. पण माझा स्वभाव काही गोड झाला नाही, आणि २००७ सालच्या अधिक महिन्यात तर तो कारल्यासारखा कडू झाला होता.

कारण माझा जावई. ग्लेन. ऑस्ट्रेलियन. त्यातून ओहायोवाला.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्या गावात ओहायो म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा नाक मुरडतं. शेजारचं राज्य, पिढ्यान् पिढ्यांचं वैर, कॉलेजच्या फुटबॉलवरून. मला त्या फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण वैर कळतं. माझी मेधा शिकायला गेली ती नेमकी ओहायोला, आणि तिथून हा उंटासारखा उंच, सुपरमार्केटमध्ये अनवाणी फिरणारा, गुरांचा डॉक्टर घेऊन आली. आधी कोर्टात लग्न, मग आमच्या समाधानासाठी अंतरपाट. मला तो तेव्हाही आवडला नाही. बोलायला गोड, भांडी घासणारा, मला 'आई' म्हणणारा. असल्या माणसाशी भांडायलाही जागा सापडत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग.

सुट्टीत आमच्याकडं आला की तो बॅकयार्डात माझ्या मुलाला, निखिलला, त्यांच्या ऑस्ट्रेलियातला फुटबॉल शिकवायचा. अंड्यासारखा चेंडू, हातात धरून पळायचं, मुठीनं मारायचा, लाथेनं उडवायचा, आणि दुसऱ्यानं येऊन तुम्हाला खुशाल आडवं पाडायचं. चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, हुकून बाजूच्यातून गेला तरी एक. म्हणजे चुकलं तरी बक्षीस! माझी मेथी त्या चेंडूखाली दोनदा झोपली. निखिल तयार झाला आणि आमच्या मिशिगनच्या संघात शिरला. ग्लेन ओहायोच्या संघाचा कॅप्टन. तेव्हापासून साले-मेहुणे दर उन्हाळ्यात एकमेकांची हाडं मोडायला उभे राहायचे.

त्या वर्षी मे महिन्यात ग्रिलपाशी उभं राहून ग्लेननं सांगितलं, की मेलबर्नला त्याला नोकरी मिळतेय. तिथल्या लोकांची वर्षभर थांबायचीही तयारी आहे, पण त्याला लगेच जायचंय. मेधा शेजारी कांदा कापत होती, हसत होती. माझ्या हातातली कोशिंबीर तशीच राहिली. निखिल गमतीनं म्हणाला, "If we beat you in June, you stay a year." ग्लेननं हात पुढं केला. "Done." मेधानंही त्यांच्या हातांवर हात ठेवला. तिघं खिदळत होते. यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, टाळ्या वाजवल्या. पैज घरात लागली होती आणि ती खरी आहे हे त्या बॅकयार्डात फक्त मला कळलं होतं. लेक जाणार की राहणार ते आता त्या अंड्यावर ठरणार होतं.

मग मी कंबर कसली. निखिलला रोज भिजवलेले बदाम. लॅबमधून परस्पर त्याच्या प्रॅक्टिसला जायचं, खुर्ची टाकून बसायचं. आयुष्यात कधी मैदानाकडं न बघितलेली मी "आडवा पाड त्याला!" म्हणून ओरडायला लागले. निखिल लाजायचा. "Mom, please. It's just practice." हे म्हणायचे, "अगं, खेळ आहे तो." मी म्हटलं, तुमच्यासाठी खेळ असेल. तुमची लेक पृथ्वीच्या पार बुडाशी चाललीय, तुम्ही टाळ्या वाजवा.

आणि मॅचचा दिवस बघा कसा आला! कॅलेंडर काढलं तर ऐन अधिक महिन्यात. धोंड्याचा महिना, तीन वर्षांतून एकदा येतो, जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मॅच आमच्याच गावात होती, तेव्हा मेधा आणि ग्लेन आदल्या दिवशी आमच्याकडंच उतरणार होते. देवानं जावयाला माझ्या ताटात आणून बसवलं होतं. माणसाचं पोट एकदा पुरणानं आणि तुपानं भरलं की दुसऱ्या दिवशी त्याला सोफ्यावरून उठवत नाही, हे मी डॉक्टर म्हणून सांगते.

तीन दिवस तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं. कुटून, गूळ घालून पीठ मुरवलं. इथल्या तांदळाचे अनारसे तुपात पडले की हसतात, फुटून पसरतात. माझे त्या वेळी एकही हसले नाहीत. खसखस अशी बसली होती की सासूबाईंनीही नाव ठेवलं नसतं, आणि त्या तर देवालाही नावं ठेवायच्या.

संध्याकाळी लवकरच पानं मांडली. जूनमधलं इथलं ऊन रात्री नऊपर्यंत हलत नाही, खिडकीतून ते थेट ग्लेनच्या तोंडावर येत होतं. पाटावर बसवलं, औक्षण केलं. निखिलला मी मुद्दाम मूगडाळीची खिचडी दिली. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा ग्लेनच्या पानाकडं, आणि मान खाली घालून गप खायला लागला. समजलं त्याला. माझंच पोर.

ग्लेननं धोंडे खाल्ले. मी आणखी वाढले. तुपाची धार सोडली, थांबवलीच नाही. "आई, टुमॉरो मॅच," तो म्हणाला. मी म्हटलं, "अधिक महिन्यात जावई पानावरून अर्धपोटी उठला तर घराला दोष लागतो." त्यानं तेही संपवलं. मग मी चांदीच्या ताटात अनारसे आणले, वर दिवा. आणि बेधडक सांगितलं, "यातले अकरा जावयानं इथंच बसून खायचे असतात."

हे म्हणाले, "अगं, कुठल्या शास्त्रात? ते वाण असतं, घरी न्यायचं असतं."

"तुमच्या नागपुरात असेल. आमच्या अमरावतीत खायचेच असतात."

ग्लेननं मेधाकडं बघितलं. "Is that right?"

मेधाला अनारशाचं वाण चांगलं माहीत होतं. गेल्या अधिकात तिनंच ते ताट कारमध्ये नेऊन ठेवलं होतं. आता ही मला तोंडावर पाडणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. मेधा माझ्याकडं बघत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "Yes. Eleven." आणि स्वतःच्या हातानं एकेक उचलून त्याच्या पानात ठेवायला लागली. वर म्हणते, "तूप आण ना आई, कोरडे कसे खाईल?"

लेक माझ्या बाजूनं आहे, याचा आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. मी तिला दंडाला धरून किचनमध्ये नेलं.

"तुला जायचं नाहीये."

ती सिंककडं तोंड करून उभी राहिली. "नाही."

"मग हसतेस काय महिनाभर? मेलबर्नची घरं काय बघतेस कॉम्प्युटरवर?"

"तो माझ्यासाठी घरी परत गेला नाही, आई. इतकी वर्षं राहिला इथं. आता माझा टर्न आहे. It's only fair."

"फेअर गेलं खड्ड्यात. त्याला सांगितलंस?"

"नाही. मॅच निखिल जिंकला तर सांगावंच लागणार नाही ना."

बघा! डॉक्टर आईची एमबीए लेक, आणि नवऱ्याला दोन शब्द सांगायच्या ऐवजी त्याचं पोट बिघडवायला बसलीय. मी करत होते ते ठीक, मी सासू आहे. सासूला एवढं शोभतं. पण बायकोनं? मी म्हटलं, "अनारशावर संसार चालवणार आहेस? या वर्षी अनारसे, पुढच्या वर्षी काय, जुलाबाचं औषध? जायचं नाही तर तोंडानं सांग. मला नको सांगू. त्याला सांग."

तेव्हा ती वळली. डोळे लाल. "तू सांगितलं होतंस बाबांना?"

बाहेर निखिलच्या चमच्याचा आवाज येत होता. तिला हे कुणी सांगितलं होतं? मी तर नाही. घरात मुलं काय काय ऐकतात, कुठून ऐकतात, देव जाणे.

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "म्हणून तर ही अशी झालेय. मला बघ आणि सांग."

बाहेर येऊन मी ग्लेनसमोरून ताट ओढलं. "बस झालं. पुरे आता." तर त्या मेल्यानं ताटावर हात ठेवला. घामाघूम झाला होता, कानापर्यंत लाल. म्हणाला, नियम तो नियम, तुमच्या घरचा मान मी मोडणार नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत अकरावा अनारसा संपवून, पाण्याचा तांब्या रिकामा करून, मला वाकून नमस्कार करून उठला. आशीर्वाद द्यावा लागला. दातओठ खाऊन दिला.

आणि सकाळी? पोट धरून बसलाय का, म्हणून डोकावले तर स्वारी ड्राइव्हवेवर दोरीवरच्या उड्या मारतेय! म्हणे धावायच्या आदल्या दिवशी असंच भरपूर खायचं असतं, थँक यू आई. निखिलनं माझ्याकडं असं बघितलं की बोलायची सोयच नव्हती. खिचडी खाऊन बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

मैदान एका शाळेच्या मागं होतं. प्लॅस्टिकच्या पाइपांचे चार-चार खांब रोवलेले. ओहायोवाले हिरव्या जर्सीत, मोठ्यानं गाणी म्हणत, आमच्याकडं बघून हातवारे करत. आमच्या पोरांनीही शिव्या हासडल्या. मीही एक दिली, मराठीत, अस्सल वऱ्हाडी, नशीब कुणाला कळली नाही. निखिल बूट घट्ट करत होता, आणि आपल्या मेहुण्याकडं असा बघत होता की आज त्याच्या बरगड्या मोजणारच. मी खुर्चीत बसले, पण अंगातली आग बसेना. मेधा कुठंय? बघते तर ती मैदानाच्या कडेला, ओहायोच्या बाजूला. ग्लेनच्या समोर उभी राहून बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं. तो आधी हसला. मग हसायचा थांबला. मग हातातला चेंडू खाली ठेवून गवतावर बसला, आणि ती बोलतच राहिली, हात हलवून हलवून, अगदी माझ्यासारखी. पंचांनी शिटी वाजवून खेळाडूंना बोलावलं तरी तो उठेना.

शेवटी उठला. ती माझ्याकडं आली.

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मॅच झाल्यावर घरी फोन करतो. आईला सांगावं लागेल, तिनं खोली रंगवून घेतलीय."

तिकडं पृथ्वीच्या बुडाशी एक बाई खोली रंगवून बसली होती, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, तेव्हा नाही वाटलं. तेव्हा मला फक्त माझी लेक दिसत होती, नाक पुसत, पण ताठ उभी.

दोन्ही संघ मधोमध जमले. पंच चेंडू आपटून खेळ सुरू करायला निघाला. सगळीकडं आरडाओरडा. हे माझ्या शेजारी संत्रं सोलत होते. मी त्यांच्याकडं वळले आणि त्या गोंगाटात मोठ्यानं म्हणाले, "अहो, मला यायचं नव्हतं."

कुठं, कधी, काही विचारलं नाही त्यांनी. सालीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, "माहीत होतं मला."

माहीत होतं! अख्खा जन्म माहीत होतं, आणि हा माणूस माझ्या शेजारी संत्री सोलत बसला. मला त्यांचा गळा धरावासा वाटला. "मग विचारलं का नाही?" मी ओरडले. शेजारची अमेरिकन बाई दचकली. हे म्हणाले, "तू नाही म्हणाली असतीस तर? मला एकट्याला यायची भीती वाटत होती."

मॅच कोण जिंकलं ते निखिलला विचारा, तो विषय बदलेल. पैज तोवर मोडलीच होती. मेधा आणि ग्लेन इथंच राहिले आहेत, सध्या तरी. दोघं भांडतात, फोनवर मला ऐकू येतं इतक्या मोठ्यानं, आणि मी मधे पडत नाही. ग्लेनची आई मागच्या महिन्यात येऊन गेली. आम्ही दोघी एकमेकींशी फार गोड वागलो आणि दोघींनाही एकमेकींचा राग आला. ते मला बरं वाटलं.

तुम्ही तिकडून विचारता, आता घर कुठलं गं तुझं? पूर्वी मी पटकन अमरावती म्हणायचे, म्हणजे विषय संपायचा. आता म्हणत नाही. त्या मॅचनंतर मी यांच्याशी आठवडाभर बोलले नाही, आणि मग बोलायला लागले तर अजून थांबलेले नाही. सकाळी चहाला बसलो की सुरू होते, त्या दवाखान्यातल्या नोकरीपासून. हे गप्प ऐकतात, मधेच म्हणतात, "आणि?" ज्या टेबलाशी बसून मी हे सगळं बोलते, ते माझं घर. भाड्याचं असतं तरी चाललं असतं.