तात्यांचं ट्रम्पेट आणि बसून ऐकणारी माणसं

मंडळी, दुपारपासून आठवून आठवून हसतोय, म्हणून इथं लिहितो.

आमचे तात्या, म्हणजे माझे चुलते, पारनेर भागात उभी हयात लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट वाजवत आले. आज त्यांना मोबाईलवर एका अमेरिकन जॅझ बँडचं पन्नासच्या दशकातलं रेकॉर्डिंग ऐकवलं. भरलेला हॉल, ट्रम्पेटवाल्यांची अख्खी रांग! तात्यांची बोटं गुडघ्यावर चालू.

गाणं संपलं, लोक ओरडले, बँडने पुन्हा सुरुवात केली.

"नवरदेवाचे मैतर हायेत," तात्या म्हणाले. "थांबू देनार न्हाईत."

मी म्हटलं, "वरात नाही ही, तात्या. लोक तिकीट काढून खुर्चीत बसलेत."

"नाचत न्हाईत?"

"नाही. नुसतं ऐकतात."

तात्यांनी मोबाईल उचलून कानाशी धरला. मग म्हणाले, "आमाला असं कुनी ऐकलं न्हाई रं."

मला राहवेना. घरातल्या सगळ्यांना ओट्यावर बसवलं. तात्यांनी ट्रम्पेट पुसून ओठाला लावलं, दोन ओळी वाजवल्या आणि थांबले.

"आरं, उठा की कुनीतरी! समदी अशी टक लावून बसल्यावर वाजवू कसं?"

आम्ही एकमेकांकडे बघतोय, तोवर काकूंनी पदर खोचला.

"आपल्या वरातीत तुमी घोड्यावर हुतात," त्या तात्यांना म्हणाल्या. "माझ्यासाठी वाजवायचं राह्यलंय तुमचं. वाजवा आता."

आणि काकू अंगणात नाचायला लागल्या.

आता तुम्हीच सांगा, आम्ही बसून कसं ऐकणार होतो?