खाली घेणं

आमच्याकडे माणूस जायला टेकलं की त्याला पलंगावरून काढून जमिनीवर ठेवतात. याला 'खाली घेणं' म्हणतात. "म्हातारीले खाली घेतलं" एवढा फोन आला की पुढचं कोणी विचारत नाही. लोक चपला घालतात आणि निघतात.

माझ्या आईला खाली घेतलं तेव्हा मी तिथंच होते. दर्यापूरजवळच्या आमच्या गावी ती न्हाणीत पाय घसरून पडली होती. घरातले सगळे सोयाबीनच्या कापणीला गेलेले. भाऊ दुपारी जेवायला आला तोवर ती त्या ओल्या फरशीवर पडून होती. अकोल्याला नेऊन फोटो काढला तर हाड कुठंच मोडलेलं नव्हतं. तिला फक्त उठता आलं नव्हतं. पण तिनं त्या दिवसाचा असा धसका घेतला की परत येऊन अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. शेवटी शेजारच्या बाया तिला उचलायला आल्या तेव्हा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "मले खाली नोको घेऊ व," म्हणाली. शुद्धीत होती. बायांनी ऐकलं नाही, आणि मीही काही बोलले नाही.

तेव्हापासून मला जमिनीची भीती वाटते. हसायचं असेल तर हसा. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले आणि मी खाली बसणंच टाकून दिलं. हळदीकुंकवाला खुर्ची, पूजेला खुर्ची, पंगतीत सगळ्या खाली आणि मी एकटी प्लास्टिकच्या खुर्चीवर. "बाईसाहेबांचं सिंहासन आना वं," असं बायका म्हणत. मीही हसायची. खरं काय ते कोणाला सांगणार? एकदा खाली बसले आणि उठता आलं नाही तर, एवढाच विचार डोक्यात असायचा. नवरा गेल्यापासून अमरावतीच्या घरात मी एकटीच आहे, मुलगी नागपूरला. घरात चिटपाखरू नसताना मी बाथरूमची कडी लावत नसे. पडले तर दार तोडावं लागू नये म्हणून.

आमच्या मागच्या गल्लीत पीटीच्या मॅडम राहतात, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सकाळी बायका गोळा करायला सुरुवात केली. मी गेले ती मुलीच्या कटकटीमुळे. पहिल्याच दिवशी मॅडमनी उठाबशा सांगितल्या आणि आम्ही सगळ्यांनी, एकमेकींकडे न बघता, कान धरले. मॅडम बघतच राहिल्या.

"काहून वं? का गुन्हा केला तुमी?"

उठाबशा म्हणजे एक तर शाळेतली शिक्षा, नाही तर गणपतीपुढं. कान न धरता त्या काढतात हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. "राहू द्या," मॅडम म्हणाल्या, "हात मोकळे ठेवले तं गुडघ्यावरच जातीन तुमचे." म्हणून आम्ही अजूनही कान धरूनच काढतो. मी अर्ध्यातच थांबायची. त्याच्या खाली गेले की मांड्या थरथरायच्या.

मग एका संध्याकाळी मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकला. "उद्या सर्वांना खाली घेणार. सतरंजी आणावी."

जो गोंधळ उडाला तो विचारू नका. एकीच्या सुनेनं तो वाचून सासूच्या खोलीकडे धाव घेतली म्हणे. दुसरीनं लिहिलं, "मॅडम, शुभ बोला जरा." दुसऱ्या दिवशी निम्म्या बायका आल्याच नाहीत, आणि त्या निम्म्यांत मी होते. मी दार लावून घरात बसले होते. कोणीतरी माझ्यासाठीच तो शब्द लिहिला असं वाटत होतं.

मॅडम दुपारी घरी आल्या. "घाईत लेहून टाकलं बाप्पा. जमिनीवर झोपून उठाचं कसं, ते शिकवनार होती. तू काहून नाही आली?"

मी आईचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "तुह्या मायले कोनी उठाचं शिकवलं असतं तं?"

मला इतका राग आला की चहा करायला उठले होते ती तशीच परत बसले. त्यांना चहा न देता जाऊ दिलं. रात्रभर मनात त्यांच्याशी भांडले. सकाळी सतरंजी घेऊन गेले.

सभामंडपात पाठ टेकली तेव्हा वर कौलांखालचा पंखा दिसला. आईलाही असंच दिसलं असेल, खालून, वाकलेल्या बायांचे चेहरे. मॅडम सांगत होत्या, आधी कुशीवर वळा. मग हातावर जोर देऊन रांगायच्या स्थितीत या. एक पाय पुढं रोवा, घट्ट असेल ते धरा आणि उठा. मी कुशीवर वळले आणि तिथंच अडकले. हात पुढं करून म्हटलं, "मॅडम, हात द्या."

"नाही देत. मी तुह्या बाथरूमात नाही रायनार."

मी रडले. बाकीच्या बायका आपापल्या सतरंजीवर थांबल्या, कोणी हसली नाही. त्या दिवशी मला उठता आलं नाही, खुर्चीपर्यंत घसरत गेले. मग रोज तेच चाललं. रोज पाठ टेकताना तीच भीती, रोज तोच पंखा. एकेक करून सगळ्या उठायला लागल्या. सगळ्यात शेवटी मी उठले. त्या दिवशी शेंदूरजना घाटची एकजण माहेरची संत्री घेऊन आली होती. ती सोलून तिनं माझ्या तोंडात फोड कोंबली.

भीती गेली म्हणाल तर नाही.

परवाच्या थंडीत एका सकाळी बाथरूममध्ये साबणाच्या पाण्यावरून पाय सटकला. काय झालं ते कळायच्या आत मी खाली होते. फरशी गार होती. मोबाईल ओट्यावर. मी हाक मारली, पण नळ चालू होता आणि हाक माझी मलाच ऐकू आली नाही. आईनं किती वेळ हाका मारल्या असतील, हा विचार त्या क्षणी पहिल्यांदा मनात आला आणि तो मला सहन झाला नाही.

पाय हलवून पाहिले. हलत होते. पाठ, कंबर दुखत होती, पण हलत होती. मी कुशीवर वळले. बादली धरली तर ती कलंडून सगळं पाणी अंगावर आलं. दात वाजत होते. हातावर जोर दिला, रांगत कमोडपर्यंत गेले, एक पाय रोवला. मांडी थरथरली. ही थरथर माझ्या ओळखीची होती, रोज सकाळी व्हायची ती. कमोडची कड धरली आणि उठले.

मग त्याच कमोडवर बसून मोठ्यानं रडले.

देवळात पोचले तोवर सगळ्या सतरंज्या अंथरून झाल्या होत्या. केस ओले, डोळे सुजलेले. मॅडमनी विचारलं, "आज उशीर काहून?"

"मले खाली घेतलं होतं."

मॅडमचा चेहरा उतरला. "कोनं वं?"

"माह्या न्हानीनं," मी म्हटलं. "मी उठून आली."

मॅडम जवळ आल्या, माझी कंबर, हात, पाय चाचपून बघितले, आणि बाजूला झाल्या. मी माझी सतरंजी अंथरली. आईनं माझं मनगट धरलं होतं ते आठवत होतं. तरी मी सगळ्यांच्या आधी पाठ टेकली.