थोरले साडू आणि दोन पट्ट्या

आमचे थोरले साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्याइतका जोडीवर श्रद्धा असलेला माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा सापडायचा नाही. सापडलाच तर तो त्यांनीच जोडीला म्हणून आणून ठेवलेला असेल. स्कूटरचं एक टायर झिजलं की ते दोन्ही बदलतात. उजव्या चपलेचा अंगठा तुटला की डावीलाही निवृत्ती मिळते. दिवाणखान्यातली एक ट्यूब गेली की दुसरी, चांगली चालणारी, बिबवेवाडीहून आमच्याकडे शनिवार पेठेत येते, त्यामुळे आमच्या घरातला निम्मा उजेड त्यांच्या तत्त्वनिष्ठेचा आहे.

लेक आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिच्या मोठाल्या चित्रांपुढे आमचा कॉम्प्युटर धापा टाकायला लागला होता. मेमरी, म्हणजे रॅम, वाढवा असं सगळे म्हणाले. साडूंनी फोनवर बजावलं की जुनी पट्टी काढा आणि एकाच खोक्यातल्या दोन पट्ट्यांचा जोड घ्या, त्या कारखान्यातच एकत्र तपासलेल्या असतात. मी "हो हो" म्हटलं, आणि धडधाकट जुनी पट्टी फेकायला जीव होईना म्हणून तिच्या शेजारी दुसऱ्याच कंपनीची एक सुटी पट्टी आणून बसवली. वर साडूंना ठोकून दिलं, जोडच घेतला म्हणून.

सोमवारी लेकीला काम सादर करायचं होतं आणि शनिवारी दुपारी कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी गोठायला लागला. तीनदा तिचं चित्र गेलं. ती रडली नाही, नुसती पडद्याकडे बघत बसली. हिनं मला न विचारता साडूंना फोन लावला.

साडू आले. अर्थातच दोन स्क्रू ड्रायव्हर घेऊन. झाकण काढलं, आत एक पट्टी हिरवी, एक काळी. दोन्ही पट्ट्या त्यांनी काढून उजेडात शेजारी शेजारी धरल्या. मग म्हणाले, "जुळी आहेत म्हणालात ना? एक बहुतेक आजोळावर गेलंय."

त्यांनी एकेक पट्टी एकटीच लावून पाहिली. दोन्ही व्यवस्थित चालल्या. एकत्र लावल्या की पुन्हा गोठायचं. "माणसं दोन्ही चांगली आहेत," ते म्हणाले, "स्थळ चुकलं." दुकानदार जोड मंगळवारी देतो म्हणाला. साडू उठले आणि तासाभरात स्वतःच्या कॉम्प्युटरमधल्या दोन पट्ट्या रुमालात गुंडाळून परत आले. मी भिडस्तपणे म्हटलं, तुमची एकच लावू या. मंगळसूत्राची एक वाटी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन्ही बसवल्या आणि माझ्या दोन्ही पट्ट्या स्वतःच्या खिशात घालून गेले.

सोमवारी काम वेळेत सादर झालं.

महिन्याभरानं मी नवा जोड घेऊन त्यांच्याकडे गेलो. सासुरवाडीचे जुने फोटो ते कॉम्प्युटरवर लावून ठेवत होते, आणि आत माझ्याच दोन पट्ट्या होत्या. "पट्ट्यांचा वेग उतरवला थोडा," ते म्हणाले, "आता भांडत नाहीत. लेकीचं काम घाईचं होतं, तिथे हे जमलं नसतं. मला कुठे जायचंय?"

मी खोकं पुढे केलं आणि एकदाचं सांगून टाकलं की जोड घेतला म्हणून तुमच्याशी खोटं बोललो होतो.

"ते मला फोनवरच कळलं होतं," ते म्हणाले. "खोकं ठेवा तुमच्याकडेच. आणि जोडीचं म्हणाल तर, आपण दोघं तरी कुठे एका खोक्यातून आलो? वेगवेगळ्या वर्षी आणून एकाच घरात बसवलं. चाललंय की."

पडद्यावर माझ्या लग्नातला फोटो वरून खाली हळूहळू उमटत होता. आधी मांडवाची झालर, मग दोन फेटे, एक केशरी, एक गुलाबी. फेट्यांखाली आम्ही दोघं दिसेपर्यंत चहा निवला होता. मलाही घाई नव्हती.