पाणी नेण्याचे दोन गुण

आमच्या गावात बांधावरून भांडण झालं तर लोक सरपंचाकडे जातात, नवरा-बायकोचं फाटलं तर पोलीस पाटलाकडे, आणि मोबाइलवरच्या क्रिकेटचे संघ कसे वाटायचे यावरून डोकी फुटायची वेळ आली की रामकाकाकडे.

रामकाका म्हणजे रामचंद्र, माझा सख्खा चुलता. रेवसच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडण्यात त्याची तीस वर्षं गेली. वाकडी रांग दिसली की त्याला धड श्वास घेता येत नाही. लग्नाच्या पंगतीतही तो उठून माणसं सरळ बसवतो आणि स्वतःची भाजी थंड करून घेतो.

आमचा खेळ साधा आहे. टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेतले खरे खेळाडू आम्ही सहा जण आपापसांत वाटून घेतो. आपला गडी धावा काढील, बळी घेईल तसे आपल्याला गुण. दोन महिन्यांनी ज्याचे गुण जास्त त्याला करंडक, तोही आमच्यातल्या दयारामच्या आज्याने कबड्डीत जिंकलेला, एक कान तुटका. "पैसं आलं की मी गेलो," असं रामकाकाने पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून बोली चिंचोक्यांत लागते. माणशी शंभर चिंचोके.

पहिल्या वर्षी उघडा लिलाव झाला. दयारामने पहिल्याच नावावर नव्वद चिंचोके उधळले आणि उरलेल्या दहांत जे गडी आले त्यांची नावं त्यांच्या आयांनाही आठवली नसती. दुसऱ्या वर्षी रामकाकाने बंद चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठी बंद होती, पण प्रत्येकाने ती घरी विचारून लिहिली होती, त्यामुळे दुपारपर्यंत सगळ्या बोली पाणवठ्यावर पोचल्या. तिसऱ्या वर्षी त्याने 'उलटी पंगत' काढली: पहिल्या फेरीत जो शेवटी निवडेल, त्याला दुसऱ्या फेरीत पहिली वाढ. हे मात्र झकास चाललं. रामकाका महिनाभर छाती काढून धक्क्यावर उभा होता.

मग आमचा विपुल त्या मोठ्या स्पर्धेतल्या एका संघात गेला, आणि पंचाईत झाली.

विपुल हा ठमीकाकीचा एकुलता मुलगा. ठमीकाकी रामकाकाची शेजारीण. काका विधुर झाल्यापासून दर रविवारी तिच्याकडून त्याला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण यायचं. आता गावचा पोरगा टीव्हीत म्हटल्यावर उलटी पंगत कुणाला चालेना. बोलीच हवी! रामकाकाने पुन्हा लिलाव मांडला, ठमीकाकी नवं लुगडं नेसून समाजमंदिरात पहिल्या रांगेत बसली, आणि विपुल शहाण्णव चिंचोक्यांना दयारामकडे गेला. टाळ्या किती पडल्या म्हणून सांगू.

विपुल त्या वर्षी एकही सामना खेळला नाही. बाकावर बसला, आणि खेळणाऱ्यांना पाणी नेऊन दिलं. दयाराम सहावा आला.

माणूस एकदा पोळला की ताकही फुंकून पितो. पुढच्या वर्षी रामकाकाने विपुलचं नाव पुकारलं आणि सहाही मालकांना एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मीही त्यांतलीच, खोटं कशाला बोलू. काकाने एकदा विचारलं, दोनदा विचारलं. हनुमान जयंतीला देवापुढच्या नारळाचा लिलावही तोच पुकारतो. तिथे नारळ मागे राहिला असं आजवर घडलेलं नाही. कुणी ना कुणी हात वर करतोच. तिसऱ्यांदा विचारून त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि नियम म्हणजे नियम, म्हणून म्हणाला, "अनसोल्ड."

ठमीकाकी पहिल्या रांगेतून उठली. दारात थांबली.

"रोज उनातानात पानी नेतंय माजा पोर," ती म्हणाली. "त्ये काम नाय व्हय? मीपन मिठागरावं धा वर्सं पानी व्हायलंय. कोनी मोजला नाय."

त्या रविवारी भाकरी आली नाही. पुढच्याही नाही. रस्त्यात काका दिसला की ती पदर सारखा करून दुसऱ्या बाजूने जायची. गावात हसणारे हसले, पण रामकाका खरोखर खंगला. भाकरीचं सोडा, हॉटेलात वडापाव मिळतो. पण आपण एका आईसमोर तिच्या पोराला टाकाऊ म्हणून पुकारलं, हे त्याला गिळता येईना. वर्षभर तो वही घेऊन बसायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. मी एकदा म्हटलं, "काका, विपुलला यादीतूनच काढ ना." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न घेताच घरी आले.

यंदा लिलावाच्या आधी त्याने नवा नियम वाचून दाखवला. मैदानावर पाणी नेलं, दरखेपेला दोन गुण. फलंदाजाचे हातमोजे बदलून दिले, तीन. बदली म्हणून उतरून झेल घेतला, दहा.

सभागृह आधी हसलं, आणि मग सहाही जण मनात हिशेब करू लागले. खेळणारा गडी शून्यावर बाद होऊ शकतो. पाणी नेणारा कधीच बाद होत नाही! बोली अशी चढली की दयारामचा घसा बसला. शेवटी एकाहत्तर चिंचोक्यांना विपुल माझा झाला. ठमीकाकी आली नव्हती, पण निरोप तिच्यापर्यंत माझ्याआधी पोचला. रविवारी भाकरी आली. सोबत कालवण नव्हतं. तेवढा राग अजून बाकी होता.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. आख्खं गाव सामना सोडून मधली विश्रांती बघू लागलं. नेमकं पाणी निघालं की टीव्हीवाले सिमेंटची जाहिरात लावायचे, आणि सभागृहातून अशा शिव्या उठायच्या की देवळातला पुजारी खिडक्या लावून घ्यायचा. रामकाकाने पोटनियम केला: जाताना किंवा येताना, एकदा तरी दिसला पाहिजे. दयारामला माझ्यावर भरवसा नव्हता. त्याने मेव्हण्याला तिकीट काढून मुंबईच्या मैदानावर बसवला, विपुलच्या खेपा मोजायला. मेव्हण्याने सामन्यात कोण जिंकलं ते सांगितलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं. पण विपुलच्या सहा खेपा आणि एक हातमोजे, पंधरा गुण, हे त्याने छातीठोक सांगितलं. असे दर सामन्याला पंधरा! माझे बाकीचे गडी तद्दन भिकार होते, तरी शेवटच्या सामन्याआधी मी दयारामच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. घरात करंडकासाठी फळीवर जागाही करून ठेवली होती.

शेवटच्या सामन्याला ठमीकाकी आली. पहिल्या रांगेत बसली, रामकाकाच्या टेबलाशेजारी, पण त्याच्याकडे न बघता. नाणेफेक झाली. पडद्यावर अकरा नावं आली, आणि अकरावं नाव विपुलचं होतं.

सभागृह उठून नाचायला लागलं. आणि त्या गोंधळात एकच माणूस किंचाळला, "अरे, याला कशाला घेतला!" तो माणूस मी होते.

ठमीकाकी सावकाश मागे वळली.

"काय झाला गो हेमाली?"

आता लपवायचं कसं? मी सांगून टाकलं, "काकी, त्यो खेलला त पानी दुसरा कोन नेईल. माजे पंधरा जातील. मी हरन."

"मंग हर," ती म्हणाली, आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसली. दयाराम एवढा हसला की खुर्चीवरून घसरला.

विपुलने अकरा धावा काढल्या. दोन चौकार, तीन एकेरी, आणि मग धावचीत. पडद्यावर तो परत जाताना दिसला तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं निम्मं करंडकासाठी होतं. मी तीन गुणांनी हरले.

रामकाका वहीत गुण भरत होता. विपुलच्या नावापुढे धावांच्या खान्यात त्याने अकरा लिहिले. पुढचा खाना पाण्याचा. यंदाच्या सगळ्या ओळींत तिथे बारा, दहा, बारा, चौदा असे आकडे भरलेले. त्याने पेन टेकवलं आणि एक शून्य काढलं. चांगलं मोठं, खान्याच्या रेघांबाहेर गेलेलं. रेघ ओलांडणं त्याने आजवर कुणालाही माफ केलं नव्हतं. मग वही उचलून त्याने ती ठमीकाकीपुढे धरली.

"वैनी, बगा. आज पानी शून्य."

ठमीकाकीने त्या शून्यावर बोट ठेवलं, ते बोट त्याच्याभोवती एकदा फिरवलं, आणि सगळ्या गावादेखत ढसाढसा रडायला लागली.